थांबविलेल्या वाहनाची नोंद कोठे आहे?

जुलै २०२३ मध्ये दिल्लीतील एका वाहतूक पोलिसाची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. दक्षिण कोरियाच्या एका नागरिकाची मोटार थांबवून त्याने पाच हजार रुपये घेतले आणि पावती मात्र दिली नाही, असे तीत दिसत होते. त्या पोलिसाला निलंबित करण्यात आले. त्यापूर्वी ३१ डिसेंबर २०२१ रोजी केरळमधील कोवळमजवळ स्वीडनच्या एका पर्यटकाची दुचाकी पोलिसांनी अडविली आणि जवळच्या मद्याच्या बाटल्यांचे बिल मागितले. वैतागलेल्या पर्यटकाने रस्त्याच्या कडेला बाटल्या रिकाम्या केल्या. कोणीतरी ते दृश्य टिपले आणि येथेही निलंबन झाले. मार्च २०२५ मध्ये पटियाला येथे गाडी उभी करण्याच्या वादातून पंजाब पोलिसांनी लष्करातील एका कर्नलला आणि त्याच्या मुलाला मारहाण केल्याचा आरोप झाला. त्या प्रकरणाचा तपास पंजाब पोलिसांकडून चंदिगड पोलिसांकडे आणि पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे जाण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या तिन्ही घटनांत एक समान धागा आहे. तक्रारदार परदेशी पाहुणा होता किंवा लष्करी अधिकारी, आणि पहिल्या दोन प्रकरणांत कॅमेराही चालू होता. व्यवस्था हलली ती या दोन कारणांमुळे. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नसते, त्याचे काय होते, याचा हिशेब निलंबनाच्या आदेशांत सापडत नाही.

तो हिशेब काही प्रमाणात मालवाहतूकदारांच्या पाहणीत सापडतो. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये देशातील दहा मालवाहतूक केंद्रांवरील ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. शेवटच्या फेरीत रस्त्यावर कोणत्या ना कोणत्या विभागाच्या कर्मचाऱ्याला पैसे द्यावे लागले, असे ८२ टक्क्यांहून अधिक चालकांनी सांगितले. एका फेरीमागे अशी सरासरी रक्कम १,२५७ रुपये होती आणि संपूर्ण देशाचा वार्षिक अंदाज सुमारे ४८ हजार कोटी रुपयांचा होता. हे पैसे केवळ पोलिसांच्या हाती जातात असे नाही. परिवहन विभाग व इतर खातीही त्यात आली. तथापि वाहतूक आणि महामार्ग पोलिसांचा उल्लेख चालकांनी सर्वाधिक केला. ट्रकचालकाच्या दृष्टीने ही लाच नसतेच, तो प्रवासखर्च असतो. डिझेल, टोल, जेवण आणि ‘एंट्री’. हिशेबाच्या वहीत असा स्वतंत्र रकाना ठेवणारे वाहतूकदार भिवंडीतही भेटतात आणि इंदूरमध्येही.

पोलिसांना कायद्याने नेमके काय दिले आहे, हे पाहिल्यावाचून गैरवापर कोठे सुरू होतो ते कळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील कोणताही पोलीस चालकाकडे परवाना मागू शकतो आणि तो दाखविणे चालकाला बंधनकारक आहे. म्हणजे ‘शिपायाला परवाना मागण्याचा अधिकारच नाही’ हा समाजमाध्यमांवर फिरणारा समज चुकीचा आहे. मात्र परवाना पाहणे आणि दंड घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कलम २०० प्रमाणे जागेवर तडजोड रक्कम स्वीकारण्याचा अधिकार राज्य सरकारने राजपत्रातून अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो. विमा व नोंदणीची कागदपत्रे मागण्यासाठीही कलम १५८ मध्ये राज्य सरकारने प्राधिकृत केलेला गणवेशधारी पोलीसच अपेक्षित आहे. परवाना ताब्यात घ्यायचा तर त्याची कारणे कलम २०६ मध्ये दिली आहेत आणि तो घेतल्यावर तात्पुरती पोच देणे अनिवार्य आहे. वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, तोही परवान्याविना, नोंदणीविना किंवा परमिटविना वाहन चालविण्यासारख्या मोजक्या प्रसंगांत.

चालत्या किंवा नुकत्याच थांबलेल्या दुचाकीची चावी हिसकावणे, टायरमधील हवा सोडणे, मोबाइल उघडून तपासणे, यांतील एकाही कृतीला या कायद्यात आधार नाही. तरीही ही दृश्ये देशातील कोणत्याही मोठ्या चौकात दिसतात. यामागचे कारण साधे आहे. चावी हातात आली की चालकाचा वेळ पोलिसाच्या ताब्यात जातो, आणि रस्त्यावरच्या वाटाघाटीत खरे चलन वेळ हेच असते. कार्यालयाची वेळ गाठायची असलेला, रुग्णालयात निघालेला किंवा नाशवंत माल घेऊन चाललेला माणूस कलमांवर वाद घालत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीतही हेच होते. २०१८ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार परवाना, नोंदणी आणि विमा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविता येतात. डिजिलॉकर व एमपरिवहन यांतील कागदपत्रे मूळ कागदांच्या बरोबरीची मानावीत, असे केंद्राने राज्यांना कळविले आहे. तरीही ‘मूळ आरसी दाखवा’ हा आग्रह संपलेला नाही. परराज्याच्या क्रमांकाची गाडी असेल तर त्याला आणखी एक पदर जोडला जातो. नोकरीनिमित्त बंगळूर, हैदराबाद किंवा गोव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘एमएच’ पाटीमुळे येणारा हा अनुभव नवा नाही. कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ वाहन ठेवल्यासच नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. गाडी त्या राज्यात कधी आली हे सिद्ध करण्याचा वाद मात्र रस्त्याच्या कडेला, उन्हात उभे राहून घालावा लागतो. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘बीएच’ मालिका या वादावरचा उपाय होता, पण ती सर्वांसाठी खुली नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा वाढल्या. परवान्याविना वाहन चालविल्यास ५०० ऐवजी ५,००० रुपये, मद्यपान करून चालविल्यास २,००० ऐवजी १०,००० रुपये, शिरस्त्राण नसल्यास १०० ऐवजी १,००० रुपये आणि तीन महिने परवाना निलंबन. रस्ते अपघातांचे प्रमाण पाहता कठोर दंडाची गरज कोणी नाकारणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ जणांनी रस्त्यावर जीव गमावला आणि शिरस्त्राण न घातल्यामुळे मृत्युमुखी पडलेल्या दुचाकीस्वारांची व सहप्रवाशांची संख्या ५०,०२९ होती. परंतु दंड वाढविताना एक गणित दुर्लक्षित राहिले. दंड शंभर रुपये असेल तर चिरीमिरीला फारशी जागा नसते. पाच किंवा दहा हजारांचा असेल तर दोन हजारांत मिटविणे दोन्ही बाजूंना ‘परवडते’. अनेक राज्यांनी राजकीय कारणांनी रकमा कमी केल्या, गुजरातने तर त्याच महिन्यात. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले आणि शिरस्त्राणाचा दंड ५०० रुपयांवर ठेवला. रकमेवर एवढी चर्चा झाली. ती कोण, कोठे आणि कोणत्या नोंदीसह वसूल करणार, यावर तिच्या दशांशही झाली नाही.

याच दुरुस्तीने कायद्यात कलम २१०-ब आले. अंमलबजावणी करणाऱ्यानेच या कायद्याखालील गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड होईल, अशी त्यात तरतूद आहे. ऐकायला ती समाधानकारक वाटते. प्रत्यक्षात ती विनाशिरस्त्राण फिरणाऱ्या पोलिसाला लागू होते. विनाकारण गाडी अडविणाऱ्या, धमकाविणाऱ्या किंवा पावती न देणाऱ्या पोलिसाला नाही, कारण ही कृत्ये मोटार वाहन कायद्याखालील गुन्हे ठरविलेलीच नाहीत.

पैशांपेक्षा गंभीर बाब बळाच्या वापराची आहे. ७ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळ शिरस्त्राण तपासणीत न थांबलेल्या दाम्पत्याचा एका वाहतूक निरीक्षकाने पाठलाग केला आणि धावत्या दुचाकीला लाथ मारली. मागे बसलेली महिला पडून मरण पावली. संतप्त जमावाने महामार्ग रोखला व निरीक्षकाला अटक झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरच्या पहाटे लखनऊच्या गोमतीनगरमध्ये गस्तीवरील शिपायाने, मोटार थांबली नाही म्हणून गोळी झाडली. चालवणारा एका नामांकित कंपनीचा अधिकारी जागीच कोसळला. दोन्ही प्रसंगांत मूळ ‘गुन्हा’ होता तो केवळ न थांबण्याचा. शिरस्त्राण जीव वाचविण्यासाठी असते, आणि त्याच्या सक्तीसाठी जीव घेतला गेला, ही विसंगती केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मधील एका आदेशात वेगळ्या शब्दांत मांडली. शिरस्त्राण न घालणाऱ्यांना धावत्या वाहनासमोर आडवे जाऊन किंवा पाठलाग करून पकडू नये, कॅमेऱ्यांसारखी आधुनिक साधने वापरावीत, असे न्यायालयाने सांगितले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सोडून देता येणार नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे शिरस्त्राणाविना आलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडविणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या डोक्यात प्रहार झाला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत मोटार थांबविणाऱ्या पोलिसाला चालकाने बॉनेटवर घेऊन कित्येक किलोमीटर नेले. धूर, धूळ आणि कर्णकर्कश भोंगे यांच्यात तासन् तास उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात प्रत्येक वाहनचालकाविषयी संशय रुजतो तो अशा घटनांतून. शिवाय चिरीमिरीचा सारा दोष चौकातील शिपायावर टाकणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. मुंबई वाहतूक शाखेतीलच एका हवालदाराने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करून, वसुली ही एकट्यादुकट्याची नसून ठरलेल्या दरांची साखळी असल्याचा आरोप केला होता. खात्यातील माणसानेच हे सांगितले, म्हणून त्याची दखल अधिक घ्यायला हवी होती.

तंत्रज्ञानाने यातील काही भाग बदलला आहे. ई-चलन आल्यापासून रोख रकमेचा व्यवहार अनेक शहरांत घटला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम १६७-अ आणला. वेगमापक, सीसीटीव्ही, क्रमांकपट्टी वाचणारे आणि अंगावर लावायचे कॅमेरे यांच्या आधारे दंड करण्याची रीत त्यात घालून दिली आणि १३२ शहरांत अशी उपकरणे बसविण्यास सांगितले. उल्लंघनाची सूचना पंधरा दिवसांच्या आत वाहनमालकाला गेली पाहिजे, हेही त्यात आहे. पण साधन बदलले तरी हात तोच राहिला तर गैरवापर नवे रूप घेतो. उभ्या वाहनांची छायाचित्रे स्वतःच्या खासगी मोबाइलवर काढून, नंतर सोयीने त्यांवर चलन लावण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळली होती. तिच्याविरुद्ध तक्रारी वाढल्यानंतर २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाला खासगी मोबाइलचा वापर थांबविण्याचे परिपत्रक काढावे लागले. खासगी मोबाइलवरचे छायाचित्र दंडात रूपांतरित होईल की मालकाशी होणाऱ्या संभाषणात, हे ठरविणारा एकटा तो कर्मचारीच असतो. सरकारी यंत्रात टिपलेल्या छायाचित्राचे तसे नसते.

काही राज्यांनी तपासणीच्या मुळाशीच हात घातला. जून २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन पोलीस महासंचालक प्रवीण सूद यांनी, डोळ्यांना दिसणारे उल्लंघन नसेल तर केवळ कागदपत्रे पाहण्यासाठी वाहन थांबवू नये, असे जाहीरपणे बजावले. मद्यपी चालकांची तपासणी एवढाच अपवाद ठेवला. त्याच वर्षाच्या आरंभी बंगळूरमध्ये टोइंगच्या नावाखाली चाललेल्या अरेरावीमुळे ती सेवाच स्थगित करावी लागली होती. पर्यटकांच्या तक्रारींनी बेजार झालेल्या गोव्यात मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२५ च्या मध्यास, चलन करण्याचे काम अंगावर कॅमेरा असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरते मर्यादित ठेवण्याची घोषणा केली. हे निर्णय स्वागतार्ह असले तरी ते परिपत्रके आणि घोषणांच्या पातळीवरचे आहेत. महासंचालक बदलला, हंगाम संपला की त्यांची धार बोथट होते.

कॅमेऱ्यावरही आंधळा विश्वास नको. अमेरिकेत मेंफिस येथे जानेवारी २०२३ मध्ये वाहन थांबविल्यानंतर झालेल्या मारहाणीत २९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. त्यांनी मारहाण थांबविली नाही. नंतर पोलिसांचे म्हणणे खोटे ठरविण्यास मात्र चित्रण उपयोगी पडले, विशेषतः खांबावरच्या कॅमेऱ्याचे. किरकोळ कारणांवरून वाहने थांबविण्यावर त्या शहराने नंतर निर्बंध घातले, आणि ते निर्बंध पुढच्याच वर्षी टेनेसी राज्याच्या कायद्याने निष्प्रभ केले.

आपल्याकडे तक्रारीचा मार्ग कागदावर अस्तित्वात आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य व जिल्हा स्तरावर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. परंतु दोनशे रुपये आणि अर्धा तास गमावलेला माणूस प्राधिकरणापुढे प्रतिज्ञापत्र घेऊन जाईल, अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे. त्याच्या वाटेत आणखी दोन अडथळे आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळविल्यास त्याला संरक्षण मिळते. मध्यरात्री महामार्गावर पैसे देणारा ट्रकचालक सातव्या दिवशी तिसऱ्या राज्यात असतो. आणि तेथेच वाद घालावा, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ३५३, डोक्यावर टांगलेले असते. लोकसेवकावर कर्तव्य बजावताना हल्ला किंवा बळाचा वापर केल्याचा हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. खार आणि नवी मुंबईसारख्या प्रसंगांत त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. पण आवाज चढविणाऱ्या चालकालाही त्याचीच धमकी दिली जाते आणि अशा वेळी घटनेचा वृत्तान्त लिहिणारा बहुधा एका पक्षाचाच असतो.

म्हणूनच चालकांनी मोबाइलवर चित्रण करणे वाढले आहे. त्यावर पोलिसांचा रोष असतो, पण रस्त्यावर चाललेल्या तपासणीचे चित्रण करण्यास मनाई करणारा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्धा येथील प्रकरणात, पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालील ‘निषिद्ध स्थळ’ नाही, असा निर्वाळा देऊन चित्रण करणाऱ्यावरील गुन्हा रद्द केला होता. ठाण्याला जे कवच नाही, ते चौकातल्या पोलिसाला कोठून मिळणार?

मात्र नागरिकाच्या मोबाइलवर व्यवस्थेची मदार ठेवणे योग्य नव्हे, आणि तशी गरजही नाही. तोडगा २०२० पासून केंद्रीय नियमांतच पडून आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीत, कागदपत्रांची तपासणी केल्यावर तिची तारीख, वेळ आणि तपासणी करणाऱ्या गणवेशधारी पोलिसाची ओळख पोर्टलवर नोंदवावी, असे म्हटले आहे. वारंवार होणारी अनावश्यक तपासणी आणि चालकांचा छळ टळावा, हा त्यामागचा हेतूही केंद्र सरकारने त्या वेळी स्पष्ट केला होता. या एका तरतुदीने प्रश्नाचा गाभा अचूक पकडला होता. दंड झाला तर चलन बनते, म्हणजे नोंद होते. दंड झाला नाही, किंवा ‘मिटविला’ गेला, तर ती घटना घडलीच नाही असे सरकारदरबारी मानले जाते. कोणत्या नाक्यावर दिवसाला किती वाहने थांबविली, त्यांपैकी किती निर्दोष निघाली, परराज्यातील किती होती, एखादा अधिकारी शंभर वाहने थांबवून चारच चलने का करतो, हे सारे प्रश्न नोंदीअभावी विचारताच येत नाहीत. वसुली याच अंधारात चालते. आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही आपण विनाकारण कोणाला अडविले नाही, हे दाखविण्यासाठी काही पुरावा उरत नाही.

ब्रिटनमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने, थांबवून झडती घेतल्यास लेखी नोंद करणे आणि मागितल्यास तिची प्रत देणे बंधनकारक केले. तेथे भेदभावाची चर्चा आकड्यांनिशी होऊ शकते ती या नोंदींमुळे. आपल्याकडे त्यासाठी वेगळ्या कागदाचीही गरज नाही. वाहनांची माहिती ‘वाहन’ आणि परवान्यांची ‘सारथी’ या संगणकप्रणालीत आहे, ई-चलन यंत्र अधिकाऱ्याच्या हाती आहे, वाहनमालकाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे आणि दंड झाल्याचा संदेश त्यावर येतही असतो. ‘आपले वाहन अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अमुक अधिकाऱ्याने तपासले, उल्लंघन आढळले नाही’ असा संदेश त्याच यंत्रातून पाठविता येईल. भिवंडीहून कोलकात्याला निघालेला ट्रक नागपूर ओलांडून रायपूरच्या पुढे पोहोचतो तेव्हा आधीच्या तपासण्यांची यादी पुढच्या नाक्यावर दाखविता येईल, आणि जेथे थांबविले पण संदेश आला नाही, ते ठिकाण चालकाला नावानिशी सांगता येईल. नियम केंद्राचा असला तरी रस्त्यावरचा पोलीस राज्याचा आहे. त्यामुळे ही नोंद सक्तीची करणारा आदेश राज्यांच्या गृहविभागांकडूनच निघावा लागेल.